पडणं नशिबात असतं का?
‘बाईकस्वार दोनच प्रकारचे, पडलेले आणि पडायचे बाकी असलेले’ हे वाक्य ऐकायला झकास आहे, पण त्यात पळवाट आहे. पडणं नशिबावर टाकलं की ब्रेकचा सराव करायला नको! १९८१च्या हर्ट अहवालात (मोटरसायकल अपघातांचा अमेरिकेतला अभ्यास) लॉस एंजेलिस परिसरातले ९०० अपघात बारकाईने तपासले होते. सुमारे तीन चतुर्थांश अपघातांत दुसरं वाहन होतं, आणि त्यातल्या दोन तृतीयांशांत चूक त्या वाहनाची. ‘बघा, आपला दोष नाही’ असा याचा अर्थ काढणारे भेटतात. मला उलटं वाटतं: समोरच्याला आपण दिसतच नाही, हे धरून चालवायचं. ताशी ६० किमीला आपण ब्रेक दाबेपर्यंत सेकंद गेला, तर गाडी १७ मीटर पुढे. ८०ला धडकेची ऊर्जा पावणेदोन पटीहून जास्त.

मी एकदाच पडलो, ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर, वेग जेमतेम वीस. हेल्मेटला ओरखडा, कोपर सोललेलं (जॅकेट घरी, उकडतं म्हणून). तेव्हापासून वळणात नजर खड्ड्यावर न ठेवता जायचंय तिकडे ठेवतो. धाकधूक आहे, ती राहू दे. जॅकेट मात्र अजूनही अधूनमधून घरीच राहतं.