लेन्ससमोर साडेतीनशेची काच लावावी का?

जांबोटीकर: नवी लेन्स घेतली की दुकानदार "प्रोटेक्शनला यूव्ही टाकून देतो" म्हणत अतिनील किरण अडवणारी साडेतीनशेची काच (यूव्ही फिल्टर) गळ्यात मारतो. माझं ठाम मत, घेऊ नका. रोलच्या जमान्यात यूव्हीचा उपयोग होता. आता अतिनील किरण अडवायची सोय सेन्सरपुढेच असते. बिनकोटिंगची, म्हणजे चमक कमी करणारा थर नसलेली काच एकेका बाजूने सुमारे ४ टक्के उजेड परत फेकते. त्यामुळेच गेल्या विसर्जनाला बेळगावच्या कपिलेश्वर तलावावर काढलेल्या माझ्या फोटोंत हॅलोजनचे हिरवट ठिपके थेट मूर्तीच्या चेहऱ्यावर आलेत. फिल्टर काढून घेतलेले फोटो स्वच्छ. पैसे घालायचेच तर सीपीएल (चकाकी कापणारा फिल्टर) आणि एनडीवर (उजेड कमी करणारा गडद फिल्टर) घाला. ओल्या खडकावरची चकाकी नंतर कॉम्प्युटरवर निघत नाही.

रायबागवाला: दादा, अजिबात पटलं नाही. चिंचलीला मायाक्काच्या जत्रेत उभं राहून बघा. भंडारा उधळला की काचेवर पिवळा थर बसतो, त्यात बारीक माती. कापड फिरवलं की कर्रर्र वाजतं. ते चरे माझ्या फिल्टरवर पडले, लेन्सवर एकही नाही. मात्र माझा फिल्टर मल्टिकोटेड, अडीच हजाराचा. साडेतीनशेची काच नको, एवढं मान्य.

जांबोटीकर: हूड लावा की, लेन्सच्या तोंडावरची ती कडा!

रायबागवाला: हूड धक्क्याला. भंडारा समोरूनच येतो.

जांबोटीकर: बरं, जत्रेपुरता लावा. बारा महिने कशाला?

खानापूरची: स्वस्ताईचा खरा फटका एनडीत बसतो. पावसाळ्यात गोकाकचा धबधबा घेत होते. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. १/६० सेकंदाचं शटर ६ स्टॉपच्या एनडीने साधारण १ सेकंदावर येतं, १० स्टॉपने १६-१७ सेकंदांवर. माझ्या स्वस्त १० स्टॉपने घटप्रभेचं तांबडं पाणी जांभळट केलं, काठची झाडीसुद्धा! व्हाइट बॅलन्सने (रंगछटा सुधारायची सोय) थोडं सावरलं, झाडी नाहीच सुधारली. शेवटी दुसरा घ्यावा लागला, म्हणजे पैसे दोनदा गेले. आता ७७ मिमी व्यासाचा एकच चांगला घेतलाय. ५८ आणि ६७ च्या लेन्सना स्टेप-अप रिंग लावते, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसतो. हूड मग बसत नाही, तेवढी अडचण आहे.

निपाणीचा पोरगा: ताई, माझी कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्सच जुनी, सहा हजारांची. तिच्यावर अडीच हजाराचा फिल्टर? मी स्वस्त सीपीएल वापरतो. तंबाखूच्या पानांवरची चमक जाते, हिरवा रंग भरतो. मला तेवढं पुरतं.

खानापूरची: पुरत असेल तर वापर रे. पुढचा घेताना बेळगावच्या खडे बाजारात दुकानातच दोन गोष्टी बघ. फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरका धर. काचेत पांढरीफेक ट्यूब दिसली तर कोटिंग नाही. अंधूक हिरवी-जांभळी दिसली तर आहे. मग पांढऱ्या कागदावर ठेव. सीपीएल राखाडी दिसायला हवा, पिवळट नको.

रायबागवाला: आणि फिल्टरची रिंग फिरवून बघ. माझी एक आटे अडकून बसली, सोडवताना लेन्सच्याच कडेला ओरखडा आला.