मोडेम स्वतःहून का सांगत नाही?

राम राम मंडळी. रावेरकडे केळी आहे. मोटारीच्या स्टार्टरला आर्डुइनो (छोटं कंट्रोलर बोर्ड) आणि जीएसएम मोडेम (सिम८००, सिमकार्डावर एसएमएस घेतो-पाठवतो) जोडलाय. थ्री फेज आली की मला एसएमएस येतो, तेवढं जमलं. पण मी ‘चालू’ पाठवलं की मोडेम गप्प! सारखं एटी+सीएमजीएल (आलेले मेसेज दाखव, ही मोडेमला द्यायची आज्ञा) विचारत बसावं लागतं. काल रात्री १२ ला टॉर्च घेऊन मळ्यात गेलो, बायको अजून बोलत नाही.

— भाऊ, मोडेमला आधी एटी+सीएमजीएफ=१ दे (मेसेज साध्या मजकुरात), मग एटी+सीएनएमआय=२,२,०,०,० (नवा मेसेज आला की स्वतःहून सांग); अक्षरं अर्थात इंग्रजीत. मेसेज आला की +सीएमटी म्हणून नंबर आणि मजकूर थेट सिरियलवर (मोडेम-आर्डुइनोमधल्या जोडणीवर) पडेल. दुसरा आकडा १ ठेवला तर मेसेज सिममध्ये कितव्या जागी ठेवलाय तेवढंच कळतं.

— लाइट गेली की मोडेम हे विसरू शकतो, म्हणून सेटअपमध्येच (आर्डुइनो सुरू होताना चालणाऱ्या कोडमध्ये) टाक. एटी+सीआरईजी=१ पण दे, रेंज सुटली-जुळली तरी कळवतो. आणि पाठवणाऱ्याचा नंबर तपास, नाहीतर रिचार्जच्या जाहिरातीनंही मोटार सुरू व्हायची.

— आला भो मेसेज! पण ‘चालू’च्या जागी ०९१ने सुरू होणारे आकडे?

— मराठीत टाइप केलंस ना? युनिकोड आहे ते, म्हणजे मराठी अक्षरांचे संगणकातले क्रमांक. नुसता इंग्रजी १ पाठव.