मदत हवी आहे: सिकलसेलबद्दल पेपरात 'शिबिर संपन्न'च्या पुढचं काही कसं छापून आणायचं?

मंडळी, आम्ही गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या पालकांचा छोटा गट चालवतो. नोंदणी नाही, निधी नाही. १९ जूनच्या जागतिक सिकलसेल दिनाआधी जिल्हा पुरवणीत या आजाराची नीट माहिती यावी, एवढीच धडपड.

तालुका वार्ताहराला प्रेसनोट देऊन झाली. छापून येतं ते 'शिबिर उत्साहात संपन्न', खाली प्रमुख पाहुणे, आभार कोणी मानले आणि दीपप्रज्वलनाचा फोटो. आजाराबद्दल अवाक्षर नाही. एकदा आलं ते 'रक्ताचा भयंकर रोग' म्हणून. मग लोक तपासणीलाच बिचकायला लागले.

खरं तर सांगायचंय ते साधं आहे. तपासणीच्या अहवालात एएस म्हणजे वाहक (सदोष जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेलं, स्वतः सहसा आजारी नसतो), एसएस म्हणजे रुग्ण (दोघांकडून आलेलं). दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के. सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली तरी वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्तचाचणीनंतरच कळतं. लग्नाआधी हे माहीत असलं तर बरंच काही टळतं.

अडचण अशी की कुणाचंही नाव, गाव, फोटो देता येणार नाही. सोयरिकी मोडतात हो! डॉक्टर मात्र नावानिशी बोलायला तयार आहेत. जाहिरात किंवा पत्रकार परिषद परवडणारी नाही, तेव्हा ते सुचवू नका.

डेस्कवर काम केलेलं कुणी असेल तर सांगा: असा मजकूर जिल्हा प्रतिनिधीकडे द्यावा की थेट नागपूरच्या पुरवणी विभागाकडे? किती आठवडे आधी? आणि नाव बदललेली, बिनफोटोची मुलाखत ते घेतात का?