सुगीत नेम मोडतो, मग देवाच्या आज्ञेत राहायचं कसं?

रानवाट (जि. परभणी)
राम कृष्ण हरी माऊली. गळ्यात माळ, एकादशी आणि रोज संध्याकाळी सातला हरिपाठ असा नेम आहे. पण सोयाबीनची काढणी लागली की दिवस रानात जातो. पुढं हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीची लाईट. एक दिवस हरिपाठ चुकला की पुढचे चार दिवस चुकतातच. नेम कमी करावा का? आणि हरिपाठ सोडून उरलेल्या दिवसात देवापुढं हजर राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

टाळकरी
नेम घड्याळाला बांधलाय म्हणून तुटतो. सुगीत तो कामाला बांधा. हरिपाठाचे २७ अभंग चालीत म्हटले तर अर्धा तास जातो. पाठ असतील तेवढे घरून रानात जाताना म्हणा, उरलेले अंथरुणावर टेकायच्या आधी. कालचा चुकलेला आज भरून काढायचा नाही. इथंच बहुतेकांचं बिघडतं, कारण ५४ अभंग समोर दिसले की माणूस आजचाही सोडतो.

अगदीच जमलं नाही तर जपाची एक माळ करा. १०८ मणी, सावकाश ओढले तरी पाचेक मिनिटं. माळ मधल्या बोटावर, मणी अंगठ्यानं ओढायचा, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, आला की ओलांडायचा नाही, माळ तिथूनच उलटी फिरवायची. नेम लहान केला तर देव रागावत नाही, पण लहान केलेला रोज झालाच पाहिजे.

तेरकर
वरचं पटलं, पण ते निम्मंच उत्तर झालं. हरिपाठ वेळेवर झाला आणि पोत्याच्या तळाला ओलं सोयाबीन भरलं, तर आज्ञा कुठली पाळली? हमीभावाच्या खरेदीला ओल साधारण १२ टक्क्यांपर्यंत धरतात. दाणा दाताखाली धरून बघा. कटकन तुटला तर वाळलाय, नुसता दबला तर अजून एक ऊन द्या आणि मगच मोंढ्यावर न्या. सालगड्याचा, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या गड्याचा, हिशोब गुढीपाडव्याला होतो. त्याची उचल आणि खाडे दोघांच्या वहीत, त्याच्यासमोर, त्याच दिवशी लिहा. महिन्यानं आठवून लिहिलेले खाडे नेहमी मालकाच्या बाजूनं वाढतात.

हजर राहणं म्हणजे हाक आली की उठणं. आपल्या पैठणच्याच एकनाथ महाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेच्या पाण्याची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली. हरिपाठ चालू असताना दारात कुणी पाणी मागितलं तर वही मिटून उठा. अभंग कुठं थांबला ते लक्षात ठेवा आणि परत तिथूनच सुरू करा. पहिल्यापासून म्हणायची गरज नाही. माझ्या मते तुमचा खरा नेम या उठण्यातच आहे.

गंगाखेडची लेक
एकादशीचं राहिलं. दशमीला रात्री हलकं जेवा, आणि पारणं द्वादशी सरायच्या आत करा. कधीकधी ती सकाळीच सरते, म्हणून आदल्या रात्रीच पंचांग बघून ठेवा. मळणीच्या दिवशी नुसत्या चहावर राहू नका, दुपारी उन्हात चक्कर येते. भगर आणि शेंगदाण्याची आमटी पोटाला धरून राहते. फक्त उघड्यावरचं भगरीचं पीठ घेऊ नका. दमट हवेत त्याला बुरशी लागते आणि मग उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं सुरू होतं. भगर पाकीटबंद, तारीख बघून घ्या, निवडून धुवा आणि लागेल तेवढीच घरी दळा. सगळ्यांच्या उपवासाला बाई एकटीच चुलीपुढं असते, तेव्हा शेंगदाणे तरी पुरुषांनी भाजून कुटून द्यावेत. तीही सेवाच आहे.

गळ्यातल्या माळेचा दोरा घामानं आणि भुसानं कुजतो. काढणी लागायच्या आधीच ती नव्या, जाड दोऱ्यात ओवून घ्या.