स्वीडन: नागरिकत्व नसलेल्या निर्वासिताला प्रादेशिक परिषदेची निवडणूक लढवता येते का?

मालती_गोथेनबर्ग: सीरियातून आलेले एक परिचारक आहेत, त्यांना वेस्त्रा योतालंडच्या प्रादेशिक परिषदेत जायचंय. आश्रयाचा अर्ज २०२१ मध्ये केला, राहण्याचा परवाना एप्रिल २०२३ मध्ये मिळाला. नागरिकत्व अजून नाही. १३ सप्टेंबर २०२६ च्या निवडणुकीत ते बसतात का? आणि सुरुवात कुठून करायची?

उत्तरध्रुव: बहुधा बसतात. नागरिकत्व लागतं ते संसदेला. नगरपालिका आणि प्रदेशाचं दार परदेशी नागरिकांना १९७६ पासून उघडं आहे. अट अशी: मतदानाच्या दिवशी वय १८ पूर्ण आणि त्याआधी सलग ३ वर्षं लोकसंख्या नोंदणीत नाव. कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलं तरी नियम हाच.

गल्लत नेहमी एकाच ठिकाणी होते. अर्ज पडून होता तो काळ धरत नाहीत, कारण आश्रय मागणाऱ्याचं नाव नोंदणीत चढतच नाही. परवाना हातात आल्यावर कर खात्याकडे नोंद होते, तिथून मोजायचं. खात्याकडून नोंदीचा उतारा मोफत मिळतो. नोंद १३ सप्टेंबर २०२३ च्या आधीची आहे ना, एवढं त्यावर पाहून घ्या.

सुधीर_माल्मो: अपक्ष उभं राहायची सोय नाही, मत पक्षालाच पडतं. प्रादेशिक निवडणुकीसाठी नव्या पक्षाचं नाव नोंदवायला तिथल्या १०० मतदारांच्या सह्या पुरतात, पण प्रदेशात ३ टक्के मतं मिळाली नाहीत तर एकही जागा नाही. तेव्हा आधीपासून असलेल्या एखाद्या पक्षाचंच सदस्य व्हा, आणि लवकर व्हा. उमेदवार यादीची जुळवाजुळव साधारण आदल्या वर्षीच सुरू होते. पक्षाची निवड समिती नावं मागवते, क्रम लावते. उन्हाळ्यात गेलात तर यादी ठरून गेलेली असते. उमेदवारीला लेखी संमती द्यायला विसरू नका.

खालचा क्रमांक मिळाला तरी आशा सोडायची नाही. प्रदेशाची मतपत्रिका निळी असते, तिच्यावर नावापुढे फुली मारून मतदाराला त्या उमेदवाराला पसंती देता येते. मतदारसंघात पक्षाला पडलेल्या मतांपैकी ५ टक्के आणि किमान १०० फुल्या मिळाल्या की यादीतला क्रम बाजूला पडतो. पक्षाला ८,००० मतं असतील तर ४०० फुल्या हव्यात. (पक्षाला तिथे जागा मिळायला हवी, हे अर्थात आलंच.)

लुंडकर: यादी हुकली तरी समित्या आहेत. त्यांचे सदस्य परिषद नेमते आणि ते परिषदेतलेच असावे लागत नाहीत, प्रदेशाचे मतदार असले की झालं. परिचारकांनी हाच रस्ता धरावा असं मला मनापासून वाटतं, कारण प्रदेशाचा मुख्य कारभार आरोग्यसेवेचाच. प्रदेशाच्या रुग्णालयात साधी नोकरी असली तरी आड येत नाही. स्वतःचा हितसंबंध असलेल्या विषयापुरतं उठून बाहेर जायचं. कामासाठी मालकाला रजा द्यावी लागते, बुडालेल्या पगाराची भरपाई प्रदेश देतो.

बैठकीच्या कागदांचा गठ्ठा आला की प्रत्येक विषयातला निर्णयाचा मसुदा आधी वाचा. 'बीफाल' म्हणजे मंजूर, 'आव्स्लाग' नामंजूर, 'ओतेरेमिस' म्हणजे पुन्हा तपासणीला. ठराव तोंडी 'या' (म्हणजे 'हो') म्हणून होतात, आणि नवा माणूस इथेच गडबडतो: अध्यक्षांचा हातोडा पडायच्या आत मतमोजणी मागितली नाही तर विषय संपला. हरलात तर विरोध इतिवृत्तात नोंदवायला त्याच बैठकीत सांगा.