तुमचं सिम किती वेळा विकलं गेलं?

काल आईचा फोन आला, "माझं हच संपलंय गं, मार की जरा पैसे." हच हे नाव २००७ मध्येच गेलं, पण आईच्या तोंडून काही जात नाही. तिचा नंबर ९८२०चा, मुंबईच्या अगदी सुरुवातीच्या मोबाइल नंबरांतला. मॅक्स टच, ऑरेंज, हच, व्होडाफोन आणि आता व्हीआय. पाटी बदलत गेली, नंबर तोच.

२००७ मध्ये ब्रिटिश व्होडाफोनने हचमधला हचिसन कंपनीचा ६७ टक्के हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलरला घेतला. पेपरात पानभर बातम्या होत्या. आमच्या घरात चिंता एकच, जाहिरातीतला कुत्रा राहणार की जाणार? (राहिला.) तुमच्याकडे काय झालं होतं, लिहा.

दुकानदाराचा_पोर (सातारा):
आमच्या दुकानावर आधी बीपीएलची पाटी, मग हचची गुलाबी, मग लाल. दर वेळी कंपनीचा माणूस पेंटर घेऊन यायचा आणि शटरसकट फुकट रंगवून द्यायचा. लाल रंगाच्या वेळी बाबांनी त्याच पेंटरकडून आतलं फळकूटही रंगवून घेतलं. गिऱ्हाइकं विचारायची ते एवढंच, "जुनं कूपन चालंल न्हवं?" चालंल म्हटलं की खिशातलं नाणं काढून तिथंच खरवडायला सुरुवात. मालक लंडनचा का मुंबईचा, हे एकानंही विचारलं नाही.

खडूस_सीए:
एक दुरुस्ती. हच देशी आणि व्होडाफोन विदेशी असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. हचिसन हाँगकाँगची होती, म्हणजे एका परदेशी कंपनीने दुसरीला विकलं. तेही केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर विकून. नफा विकणाऱ्याला झाला, पण कराची नोटीस घेणाऱ्याला, कारण म्हणे पैसे देताना कर कापला नाही. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात व्होडाफोन जिंकली. त्याच वर्षी सरकारने कायदाच मागच्या तारखेपासून बदलला. ती तरतूद मागे घ्यायला २०२१ उजाडलं.

हॉस्टेल_बी_विंग:
आमच्या आठवणीतली परदेशी भागीदारी म्हणजे टाटा डोकोमो. ताबा नव्हता तो, जपानी कंपनीचा २६ टक्के वाटा होता. पण २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा आला आणि अख्ख्या विंगने सिम बदललं. तोवर मिनिटाचे पैसे जायचे, त्यामुळे नुसता मिस्ड कॉल. नंतर मात्र, "आई, पोचलो, जेवलो, ठेवतो." सात पैसे!

रेंजवाली (राजापूर तालुका):
तुमचं बरंय. आमच्या गावात दोन कंपन्यांचे दोन टॉवर होते. कंपन्या एक झाल्या आणि काही महिन्यांत एक टॉवर उतरवला. नाव घेत नाही. पूर्वी माजघराच्या खिडकीत, गजाला पिशवी बांधून फोन टांगला की रेंज यायची. आता आंब्याखालच्या गडग्यावर उभं राहावं लागतं. पावसाळ्यात एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन, आणि बँकेचा ओटीपी येईपर्यंत डासांना रक्तदान. तक्रार केली तर म्हणाले, "मॅडम, नकाशात तुमच्याकडे फुल रेंज दिसतेय."

धागाकर्ती पुन्हा:
रेंजवाली, तो नकाशा फ्रेम करून गडग्यावर लावा.

आज आईला ताजी खबर दिली. कंपनीने सरकारला द्यायच्या थकबाकीचे शेअर झाले आणि २०२५ पासून तिच्या 'हच'मध्ये जवळपास ४९ टक्के वाटा भारत सरकारचा आहे. आईने चष्मा वर केला. म्हणाली, "म्हणजे दिवाळीला पुन्हा लाइनमनला पोस्त द्यायची का?"