आत्या आइसलँडमध्ये: गरम कुंड, ज्वालामुखी आणि घरच्यांचे प्रश्न

आई: ताई, नीट आहात ना? इकडे जीव टांगणीला लागलाय. बातम्यांत तो लाव्हा दाखवतात आणि तुम्ही नेमक्या तिथेच अंघोळीला निघालात, तेही एकट्या.

आत्या: अगं, जाऊनही आले. राजधानीत, रेक्याविकला खोलीवर आहे, केस वाळवतेय. अगदी खुशाल आहे.

बाबा: आधी ज्वालामुखीचं सांग.

आत्या: सांगते. मी गेले ते गरम कुंड म्हणजे ब्लू लगून. त्याच्या शेजारचं ग्रिंडाविक गाव १० नोव्हेंबर २०२३ ला रातोरात रिकामं केलं. १८ डिसेंबरला पहिला उद्रेक झाला आणि मग पुन्हा पुन्हा होत राहिले. इथे जमिनीला लांबच लांब भेग पडते आणि तिच्यातून लाव्हा वाहतो. म्हणून वीजकेंद्र आणि कुंड यांच्याभोवती माती-दगडाचे उंच बांध घातलेत. २०२४ च्या नोव्हेंबरात लाव्ह्याने गाड्या लावायची जागा गिळली, पण कुंड बांधामुळे वाचलं. बस त्याच काळ्या दगडांमधून जाते. बाकी सगळीकडे बर्फ होता, पण एका पट्ट्यावर टिकलेला नव्हता. खाली अजून ऊब असणार. खिडकीला नाक लावून बघत होते.

आई: आणि तुम्ही पाण्यात असताना काही झालं असतं म्हणजे?

आत्या: हवामान खात्याची माणसं भूकंपाच्या नोंदींवर चोवीस तास नजर ठेवून असतात. लक्षणं दिसली की भोंगा वाजतो, त्या भागातल्या सगळ्या फोनवर संदेश येतो आणि माणसं बाहेर काढतात. असं आधी झालंय आणि लोक वेळेत निघालेत. मी रोज सकाळी खात्याची सूचना वाचत होते. बंद असतं तर गेलेच नसते.

धाकटे काका: ताई, मला त्या कुंडाचंच कौतुक आहे. ते निसर्गाने केलेलं नाहीच. स्वार्ट्सेंगीचं वीजकेंद्र १९७६ ला चालू झालं, तिथून आलेलं ते पाणी.

मी: म्हणजे कारखान्याचं सांडपाणी??

धाकटे काका: तसं म्हणू नकोस गं. जवळजवळ २,००० मीटर खोल विहिरी आहेत. समुद्राचं पाणी खडकांतून झिरपत आत जातं, त्यात थोडं गोडं पाणी मिसळतं आणि तिथे ते २४० अंशांपर्यंत तापतं. वर आलं की वाफेवर जनित्रं फिरतात. उष्णता वापरून झालेलं खारं पाणी त्यांनी शेजारच्या लाव्ह्याच्या माळावर सोडलं, मुरून जाईल म्हणून. पण त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते खनिज, इतकी की दगडांची सगळी भोकंच बुजली. पाणी तुंबलं आणि तळं झालं.

आत्या: आणि १९८१ च्या सुमारास सोरायसिस हा त्वचेचा आजार झालेला एक माणूस त्यात उतरला, त्याला आराम वाटला. तिथून लोक यायला लागले. १९८७ ला अंघोळीची रीतसर सोय झाली, आत्ताची जागा १९९९ ची.

धाकटे काका: त्या केंद्रातून आसपासच्या गावांना गरम पाणी जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये लाव्ह्याने ती मुख्य वाहिनी तोडली आणि ऐन थंडीत २०,००० हून जास्त माणसांची घरं गारठली. काही दिवसांत नवी वाहिनी जोडून दिली. ताई, त्या वाहिनीचा फोटो काढलास का?

आत्या: काढलाय रे, फक्त तुझ्यासाठी. संध्याकाळी टाकते.

मी: आत्या, पाणी खरंच एवढं निळं असतं? का फोटोतच?

आत्या: खरंच. पण ओंजळीत घेतलंस तर पांढुरकं, तांदूळ धुतल्यावर राहतं तसं. सिलिकाचे बारीक कण प्रकाशातला निळा भाग विखुरतात, म्हणून सगळं कुंड दुधी निळं दिसतं. दर ४० तासांत पाणी आपोआप बदलतं. आणि वेळ निवडून घे बरं का. जानेवारीच्या सुरुवातीला इथे अकरा वाजल्यावर सूर्य उगवतो आणि चारच्या आत सूर्य जातो. मी सकाळची वेळ घेतली होती. उतरले तेव्हा पूर्ण काळोख, वाफेत हातभर पुढचं दिसेना. मग हळूहळू आकाश जांभळं, मग राखाडी. मध्येच गारा आल्या. गळ्यापर्यंत ३८ अंश आणि डोक्यावर टप टप टप. कानामागची ओली बट चक्क कडक झाली होती, हाताला तारेसारखी लागली. मी एकटीच मोठ्याने हसले, कोणी वळूनही पाहिलं नाही.

आई: ताई, एक विचारू? ते आधी कपडे काढून नहावं लागतं म्हणे.

आत्या: हो, लागतं. आणि मी त्या नियमाच्या पूर्ण बाजूची आहे. पाण्यात उतरायच्या आधी पोहण्याचा पोशाख न घालता साबण लावून स्वच्छ नहायचं, मग पोशाख चढवायचा. डोकं, काखा, जांघा, पाय, कुठे कुठे साबण लावायचा त्याची चित्रंच भिंतीवर असतात. कारण सरळ आहे. ब्लू लगूनच्या पाण्यात क्लोरीन नसतं, शहरातल्या तलावांत अगदी कमी असतं. मग पाणी स्वच्छ राहणार कशाच्या जोरावर? येणाऱ्या माणसाच्या अंगाच्या स्वच्छतेवरच. बायकांची नहाण्याची जागा वेगळी असते आणि ब्लू लगूनला आडोशाच्या मोऱ्या आहेत. गल्लीतल्या तलावांत मात्र बऱ्याचदा सगळं उघडं. पहिल्यांदा मान खाली घालून उभी होते. मग पाहिलं, सत्तरीच्या आज्या, शाळकरी मुली, पोटावर टाके असलेली बाई, सगळ्या आपापल्या नहातायत, गप्पा मारतायत. कोणाचं कोणाकडे लक्ष नाही. पाच मिनिटांत माझा संकोच गेला.

आई: मला नाही जमणार बाई.

आत्या: जमेल गं, तू आलीस की बघू.

दादा: आत्या, डॉक्टर म्हणून विचारतो. किती वेळ बसलीस? रक्तदाबाची गोळी घेतली होतीस ना?

आत्या: घेतली होती. अधूनमधून काठावर बसत होते.

दादा: तेच करत जा. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. झटकन उभी राहिलीस तर भोवळ येईल आणि काठावर बर्फ असतं. घाम येतोय हे पाण्यात कळत नाही, म्हणून साधं पाणी पीत राहा. आणि एकटी आहेस तोवर तिथलं मद्य नकोच.

आत्या: नाही रे बाबा. तसेही मनगटाच्या पट्ट्यावर मोजून तीनच पेले देतात. मी पाण्याचाच पेला घेऊन फिरत होते.

मी: केसांचं काय केलंस?

आत्या: उतरण्याआधी केसांना कंडिशनर थापायचं आणि अंबाडा उंच बांधायचा. सिलिकाने केस काथ्यासारखे होतात, दिवस दिवस सुटत नाहीत. बांगड्या, अंगठी, गळ्यातलं सगळं लॉकरात, त्या पाण्याने दागिने खराब होतात.

बाबा: तिकीट किती पडलं?

आत्या: इथल्या चलनात दहा हजार क्रोनांच्या वरच. वेळेप्रमाणे बदलतं आणि आधी आरक्षण केल्याशिवाय जाऊच नये. एकदा बघावं असं आहे, वादच नाही. पण खरं सांगू? माझं मन रमलं ते रेक्याविकच्या वेस्तुरबाइर भागातल्या नगरपालिकेच्या तलावात. तिकीट याच्या मानाने अगदीच थोडं. उघड्यावर गरम पाण्याची गोल कुंडं, एक ३८ अंशांचं, एक ४० चं, त्याहून गरम एक, आणि शेजारी बर्फासारख्या गार पाण्याचा हौद. कामावर जाण्याआधी लोक येतात, खांद्यापर्यंत बुडून बसतात आणि राजकारण, हवामान, शेजाऱ्याची गाडी, सगळं बोलतात. ब्लू लगूनला सगळे माझ्यासारखे पाहुणे, जो तो फोन उंच धरून. इथे एका बाईने स्वतःहून विचारलं, कुठून आलीस, एकटीच का, हिवाळ्यातच का. मी म्हटलं, उन्हाळ्यात या पाण्याची किंमत कळली नसती. तिला फार पटलं. एकटं फिरणाऱ्या माणसाला याहून चांगली बैठक नाही, मी शपथेवर सांगते.

आजी: पाण्याला वास येतो का ग?

आत्या: आई, खोलीतल्या गरम नळाला येतो, गंधकाचा. गार पाणी मात्र गोड, नळाचंच पिते. आई, तुला एक सांगायचं होतं. इथे शहरातच लौगारदालूर म्हणून जागा आहे, पूर्वी ती गावाबाहेर होती, तिथे गरम झरे होते. पूर्वी रेक्याविकच्या बायका धुण्याची ओझी पाठीवर घेऊन तिथे चालत जायच्या, हिवाळ्यातसुद्धा. जायला-यायला काही मैल. पाणी उकळतं, पाय घसरून त्यात पडून काही बायका दगावल्या, तेव्हा कुठे वर लोखंडी कमानी बसवल्या. त्या अजून आहेत, हात लावून आले. १९३० ला तिथूनच पहिली वाहिनी शहरात आणली, एका शाळेपर्यंत. आज देशातली दहांतली नऊ घरं जमिनीतल्या पाण्यावर ऊबदार असतात.

आजी: ओली धुणी पाठीवर घेऊन बर्फातून परत. काय सोसलं असेल त्यांनी.

आत्या: तेच मनात आलं. तिथे बराच वेळ उभी होते.

बाबा: उद्या काय बेत?

आत्या: उद्या वाऱ्याचा पिवळा इशारा आहे. लांबची सहल त्यांनीच रद्द केली, पैसे परत देणार आहेत. मी गल्लीतल्या तलावावर जाणार, चालत सात मिनिटं.

मी: आत्या, पुढच्या हिवाळ्यात मी जाऊ? एकटी?

आत्या: जा की. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो, किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा त्यातच लागतो, मी कागदांची यादी पाठवते. आपत्कालीन क्रमांक ११२. गाडी स्वतः चालवू नकोस, वाऱ्याने दारं उखडतात इथे. बसने फिर.

आई: आणि आधी पोहायला शीक.

आत्या: बरोबर बोललीस. इथे शाळेत पोहणं सक्तीचं आहे, पोरं माशासारखी असतात.

मी: सोमवारपासून लावते क्लास. आई, तू पण चल.

आई: बघते. वेळ काय आहे क्लासची?